श्वसनविषाणूंचा संसर्ग आणि दैनंदिन व्यवहार

फ्लू, कोव्हिड, गोवर अशा श्वासावाटे पसरणाऱ्या आजारांची लागण होण्याची शक्यता आपण काय करतो, कुठे करतो आणि किती वेळ करतो यावर बरीच अवलंबून असते. बाधित व्यक्तीच्या नाकातोंडातून उडणारे मोठे तुषार एक-दोन मीटरच्या आत खाली पडतात. सूक्ष्म कण मात्र बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. गोवराचा रुग्ण निघून गेल्यावरही तिथल्या हवेतून दोन तासांपर्यंत लागण होऊ शकते.

शांत बसलेल्या माणसापेक्षा बोलणारा माणूस अधिक कण बाहेर टाकतो आणि आवाज चढेल तसे ते वाढतात. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट खोऱ्यातील एका गायकवृंदाने अडीच तास तालीम केली. हजर असलेल्या ६१ जणांपैकी एकाला लक्षणे होती. त्या व्यक्तीसह ५३ जणांना निश्चित किंवा संभाव्य कोव्हिड झाल्याचे आढळले, दोघे दगावले. घरच्या गणपतीसमोर खिडक्या लावून, दाटीवाटीने उभे राहून मोठ्याने आरती म्हणतानाही हीच परिस्थिती तयार होते. आरती थांबवायला नको, खिडक्या उघडाव्यात.

दक्षिण कोरियातील चोनान शहराचे उदाहरण त्याहून बोलके आहे. तिथे फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये नृत्य-व्यायामाच्या वर्गांशी संबंधित ११२ रुग्ण आढळले. लहान खोल्या, गर्दी आणि धाप लागेल असा जोरदार व्यायाम, असे त्या वर्गांचे स्वरूप होते. त्यांपैकी एका केंद्रात सात-आठ जणांचे पिलाटेस या संथ व्यायामप्रकाराचे आणि योगाचे वर्गही चालत. ते घेणाऱ्या प्रशिक्षकालाही बाधा झालेली होती, पण विद्यार्थ्यांपैकी कोणालाच झाली नाही. गटही लहान होता, त्यामुळे सगळे श्रेय संथ श्वासाला देता येत नाही. तरी नुसते ‘व्यायामशाळेत जाणे’ धोक्याचे की सुरक्षित, हा प्रश्नच अपुरा आहे हे यातून दिसते.

वस्तूंना हात लावण्याची भीती मात्र अवाजवी ठरली. २०२० साली घरोघरी दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या गेल्या, वर्तमानपत्रे बंद झाली. दूषित पृष्ठभागाला एकदा स्पर्श झाल्याने कोव्हिड होण्याची शक्यता साधारणपणे १०,०००त एकाहून कमी असल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले. साध्या सर्दीच्या विषाणूंचा प्रसार मात्र हातांवाटेही होतो, म्हणून हात धुण्याची सवय सोडू नये.

उघड्यावर चालणे, अंगणात गप्पा मारणे यांत धोका बराच कमी असतो. बंद जागेतली हवा किती शिळी झाली आहे याचा अंदाज कार्बन डायऑक्साइडवरून बांधता येतो: बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दर दशलक्ष भागांत सुमारे ४२० असते, तर माणसांनी भरलेल्या बंद वर्गात ते हजाराच्या पुढे सहज जाते. जपानने २०२० च्या वसंतातच बंदिस्त जागा, गर्दी आणि जवळून संभाषण या तिन्ही गोष्टी टाळण्याचा सल्ला दिला होता.

घरात या तिन्ही एकत्र येतात. एका खोलीत झोपणे, एकत्र जेवणे हे तासन्‌तास चालते, शिवाय कोव्हिडची लागण लक्षणे दिसण्याआधी एक-दोन दिवसही पसरू शकते. आजाऱ्याला शक्य तितके स्वतंत्र ठेवणे, खिडक्या उघड्या ठेवणे आणि त्याच्याजवळ जाताना दोघांनीही घट्ट बसणारा मास्क लावणे, एवढे एका खोलीच्या घरातही बहुतेक जमते.