बारा वर्षांचा एडमंड आणि व्हॅनिलाचं फूल

खान्देशात लहान वयातल्या कर्तृत्वाचा विषय निघाला की पहिलं नाव येतं ते नंदुरबारच्या शिरीषकुमार मेहताचं. ९ सप्टेंबर १९४२, हातात तिरंगा, वय १५. ते यायलाच हवं. विज्ञानाकडे वळलं की मात्र आपल्याकडे याद्या सुरू होतात. अमक्याने १२व्या वर्षी हे केलं, तमक्याने १८व्या वर्षी ते केलं. स्पर्धा परीक्षेच्या गाईडात छापायला ठीक आहे. पण ते पोरगं नेमकं काय बघत होतं, त्याला आधीचं काय ठाऊक होतं, हातात कुठलं साधन होतं, याचा त्या यादीत पत्ताच नसतो. म्हणून यादी बाजूला ठेवून एकाच मुलाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. त्याच्या युक्तीची पहिली पायरी आपल्या परसातल्या गिलक्याच्या (घोसाळ्याच्या) वेलावरही बघता येते.

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला रेयुनियाँ नावाचं बेट आहे. एकोणिसाव्या शतकात ते फ्रेंचांच्या ताब्यात होतं आणि तिथे गुलामगिरी चालू होती. १८२९ साली तिथे एका गुलाम बाईच्या पोटी एडमंड जन्मला. आई बाळंतपणातच गेली. त्याचा मालक फेरेओल बेलिए-ब्यूमाँ हा वनस्पतींचा नादिष्ट माणूस. बागेत फिरताना तो या मुलाला सोबत घेऊन जाई, झाडांची माहिती देई. मुलगा शाळेत कधी गेला नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं.

त्या बागेत व्हॅनिलाचा वेल होता. व्हॅनिला मूळची मेक्सिकोची, ऑर्किडच्या कुळातली. तिथे तिच्या फुलांचं परागीकरण तिथल्याच काही मधमाश्या करतात. फ्रेंचांनी वेल बेटावर आणला, पण माश्या काही आल्या नाहीत. वेल मांडवावर चढला, फुलंही आली. शेंगा मात्र धरेनात. त्या काळी व्हॅनिलाचा भाव मोठा होता, त्यामुळे मळेवाल्यांची तगमग समजण्यासारखी आहे.

अडचण फुलाच्या रचनेत होती. व्हॅनिलाच्या एकाच फुलात नर आणि मादी भाग अगदी जवळजवळ असतात, पण दोघांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो. फुलाचे स्वतःचेच पराग स्वतःच्याच स्त्रीकेसरावर पडू नयेत, अशी ही निसर्गाची व्यवस्था. फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी कोमेजतं. तेवढ्या वेळात परागीकरण झालं नाही तर फूल गळून जातं. बेल्जियममधल्या लिएज शहरात शार्ल मोरेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३६ साली काचगृहात हाताने परागीकरण करून शेंगा धरवल्या होत्या. पण ते प्रयोगशाळेतलं काम होतं. मळ्यातल्या हजारो फुलांना लागू पडेल अशी रीत त्यातून निघाली नाही.

आता गिलक्याकडे येऊ. सकाळी लवकर वेलापाशी गेलात तर पिवळी फुलं दोन प्रकारची दिसतील. घोसात येतात ती नर फुलं, त्यांच्या मागे नुसता देठ. मादी फूल एकटं येतं आणि पाकळ्यांच्या मागे करंगळीएवढं गिलकं आधीच तयार असतं. नराचा पराग मादीवर पोचला की ते गिलकं भरू लागतं, नाहीतर पिवळं पडून गळतं. मधमाश्या कमी असल्या तर जाणता शेतकरी नर फूल तोडतो, पाकळ्या मागे दुमडतो आणि मधला भाग मादी फुलावर हलकेच फिरवतो. भोपळा, कारलं, टरबूज, सगळ्या वेलवर्गीय पिकांत हे चालतं. (दोडक्याला मात्र संध्याकाळी गाठावं लागतं. गिलक्याच्या इतक्या जवळचं असूनही त्याची फुलं दिवस कलल्यावर उमलतात.)

बेलिए-ब्यूमाँने एडमंडला नेमकं हेच शिकवलं होतं, भोपळ्याच्या कुळातल्या एका वेलावर. व्हॅनिलाबद्दल काहीच शिकवलं नव्हतं, कारण त्याला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं.

१८४१ साली एका सकाळी मालकाला आपल्या व्हॅनिलाच्या वेलावर दोन शेंगा धरलेल्या दिसल्या. वेल वीसेक वर्षांचा, फळ जवळपास नाहीच, आणि आता एकदम दोन. ‘हे मी केलं,’ असं बारा वर्षांच्या एडमंडने सांगितलं तेव्हा मालकाचा विश्वास बसला नाही. काही दिवसांनी आणखी शेंगा दिसल्या, तेव्हा त्याने मुलाला करून दाखवायला लावलं. एडमंडने फुलाची एक बाजू फाडून उघडली, बारीक काडीने तो मधला पडदा वर उचलला आणि अंगठ्याने परागांचा पुंजका स्त्रीकेसरावर दाबला. संपलं काम. काही सेकंदांचं.

वेलवर्गीय पिकात नर एका फुलात, मादी दुसऱ्या. व्हॅनिलात दोन्ही एकाच फुलात, मध्ये पडदा. म्हणजे शिकलेली कृती इथे जशीच्या तशी चालणार नव्हती. हे फूल वेगळं आहे, पण काम तेच करायचं आहे, एवढं त्या मुलाने ओळखलं आणि आड येणारा भाग शोधून बाजूला सारला. मला या प्रसंगातला खरा शोध तो वाटतो. काडी हे निमित्त.

पुढे एडमंडला मळ्यामळ्यांवर ही रीत शिकवायला पाठवलं गेलं. बेटावर व्हॅनिलाचा धंदा उभा राहिला, तिथून तो मादागास्करला पोचला. आज जगात सगळ्यात जास्त व्हॅनिला मादागास्करमध्येच पिकते. आपल्याकडे केरळ-कर्नाटकातही लागवड आहे. मेक्सिकोबाहेर जवळपास सगळीकडे अजूनही माणूसच एकेक फूल हाताळतो, त्याच पद्धतीने. जळगावच्या बाजारात आइस्क्रीमला जो व्हॅनिलाचा वास येतो तो बहुतेक वेळा कारखान्यात बनवलेल्या व्हॅनिलिनचा असतो, ही गोष्ट वेगळी.

एडमंडच्या पदरात काय पडलं? १८४८ मध्ये फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी संपली. त्याला स्वातंत्र्य आणि ‘अल्बियस’ हे आडनाव मिळालं, पैसा नाही. चोरीच्या आरोपावरून तुरुंगात गेला. मालकाने रदबदली केल्यामुळे लवकर सुटला. एका नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञाने ही रीत मूळची माझीच, असा दावा ठोकला. तेव्हाही एडमंडची बाजू पत्रं लिहून मांडली ती बेलिए-ब्यूमाँनेच. १८८० साली एडमंड गरिबीत वारला.

हाताने परागीकरणाचा विषय कपाशीवाल्या खान्देशाला नवा नाही. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून सी. टी. पटेल यांनी एच-४ हा कपाशीचा संकरित वाण दिला. व्यापारी लागवडीला आलेला कपाशीचा जगातला तो पहिला संकर. त्याचं बी तयार करायचं म्हणजे संध्याकाळी मादी झाडाच्या उमलू घातलेल्या फुलातले पुंकेसर काढून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाच्या फुलातला पराग त्यावर लावायचा. फूल फूल करत, आख्ख्या प्लॉटभर. त्याला साधा शब्द क्रॉसिंग. देशाच्या काही भागांत या कामावर लहान मुली राबवल्या गेल्या, बोटं बारीक आणि मजुरी कमी म्हणून. एडमंडचं कौतुक करताना हेही डोळ्याआड होऊ नये. बागेत शिकवणारा माणूस भेटला म्हणून तो एक मुलगा आपल्याला माहीत आहे. बाकीच्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत.

पण मोठ्यांना जे सुचलं नाही ते मुलाला कसं सुचलं? यावर मानसशास्त्रात एक छान प्रयोग आहे. अ‍ॅलिसन गॉपनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक डबा बनवला. ठरावीक ठोकळे वर ठेवले की तो डबा पेटतो. कधी एकच ठोकळा पुरतो, कधी दोन ठोकळे एकत्र ठेवावे लागतात. दुसऱ्या प्रकारचा नियम आधी दाखवून मग नवे ठोकळे दिले, तर चार वर्षांची मुलं पटकन ओळखतात की इथेही जोडीच लागत असणार. मोठी माणसं मात्र ‘एका ठोकळ्यानेच पेटत असणार’ हा आपला जुना अंदाज सोडत नाहीत, समोर उलटं दिसत असूनही. पुढे २०१७ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या वयोगटांना घेऊन हेच तपासलं. वस्तूंच्या कोड्यात सगळ्यात लवचीक ठरली ती लहान मुलं. माणसांच्या वागण्यामागचं कारण शोधायच्या कोड्यात १२ ते १४ वर्षांचे सरस ठरले. अनुभव वाढतो तसा आपला पहिला अंदाज बरोबर यायला लागतो, आणि दुसरा अंदाज करायची सवय मोडते. शेतात, दुकानात हे फायद्याचंच आहे. अनोळखी फुलापुढे नाही.

लुई ब्रेलचं उदाहरण जरा निराळं आहे. वडील घोड्यांचं खोगीर शिवणारे. तीन वर्षांचा असताना त्यांची आरी डोळ्यात घुसली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. पॅरिसच्या अंधशाळेत त्याला शार्ल बार्बिए या सैन्यातल्या माणसाची उठावदार ठिपक्यांची लिपी भेटली. तिच्या एका अक्षरात जास्तीत जास्त बारा ठिपके. बोट वरखाली फिरवल्याशिवाय अक्षर कळत नसे. ब्रेलने ते सहावर आणले, बोटाच्या टोकाखाली एका दमात मावतील एवढे. सहा ठिपक्यांच्या ६३ जुळण्या होतात आणि अक्षरं, आकडे, विरामचिन्हं सगळं त्यात बसतं. १८२४ साली, १५व्या वर्षी, हा आराखडा तयार होता. डोळस माणसाने बनवलेल्या लिपीतली खोट वाचणाऱ्या बोटालाच कळणार. तरी त्याच्या स्वतःच्या शाळेने ती लिपी अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये, तो वारल्यावर दोन वर्षांनी. मराठी ब्रेलही त्याच सहा ठिपक्यांवर चालते.

मग लहान वय हेच भांडवल का? हो आणि नाही. लॉरेन्स ब्रॅगने १९१२ मध्ये, २२व्या वर्षी, स्फटिकातून क्ष-किरण कसे परततात याचा नियम मांडला आणि २५व्या वर्षी वडिलांसोबत नोबेल घेतलं. खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर पांढऱ्या बटू ताऱ्यांचं, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या ताऱ्यांचं, गणित करत होते, तेव्हा वय १९. पण ही दोन्ही शास्त्रं त्या वेळी कोवळी होती, आधीचं वाचायचं ओझं कमी होतं. अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन जोन्स यांनी नोबेल विजेत्यांची वयं तपासली तर विसाव्या शतकाच्या अखेरीस तिशीच्या आत मोठा शोध लावणारे जवळपास उरलेच नव्हते. ज्ञान साचत जातं, तशी शिकायची वर्षंही वाढतात.

आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. ज्यांचे ग्रंथ तिथे शिकवायचे होते त्या भास्कराचार्यांचं वय सिद्धान्तशिरोमणी लिहिताना ३६ होतं आणि करणकुतूहल लिहिताना सत्तरीला टेकलेलं. आर्यभटांनी आपला ग्रंथ २३व्या वर्षी लिहिला. दोघांत डावं-उजवं कुणी करत नाही.

रावेर-यावलच्या केळीचा प्रश्न या दुसऱ्या जातीचा आहे, पटकन न सुटणारा. आपण लावतो त्या केळीला बी धरत नाही. टिश्यू कल्चरची, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं एकाच झाडाच्या प्रती असतात. म्हणजे एखाद्या रोगाला एक झाड बळी पडलं की बागेतल्या कुठल्याच झाडाची खात्री नाही. पनामा मर या मातीतल्या बुरशीमुळे होणाऱ्या रोगाचा टीआर-४ हा प्रकार बिहार आणि उत्तर प्रदेशात पोचलेला आहे. काडीने पराग लावून हे सुटत नाही. खाण्याच्या केळीत हाताने परागीकरण केलं तरी बी मिळणं दुर्मीळ. पण टिश्यू कल्चरमध्ये अधूनमधून एखादं रोप आपसूक वेगळं निपजतं. तैवानच्या केळी संशोधन संस्थेने अशाच वेगळ्या निघालेल्या रोपांतून टीआर-४ला बऱ्यापैकी दाद न देणारे वाण निवडले. आपल्याकडे असं झाड दिसलं की बहुतेक वेळा भेसळ म्हणून उपटून बांधावर फेकतात. त्याआधी त्याचा फोटो काढायचा, जागा आणि तारीख लिहून ठेवायची, शेजारची झाडं करप्याने पिवळी पडली तेव्हा हे कसं राहिलं ते बघायचं आणि वेगळं वाटलं तर कृषी विज्ञान केंद्रात दाखवायचं. आठवीतल्या पोराला किंवा पोरीला हे सहज जमेल.