एलटीपीपीचा ट्रॅफिक डेटा कसा मिळवायचा? पात्रता, कागदपत्रं आणि डाउनलोडनंतरची तपासणी

एम.टेक.ला रस्ते हा विषय घेतलेली मुलं हमखास विचारतात, अमेरिकेतल्या 'लाँग टर्म पेव्हमेंट परफॉर्मन्स' (एलटीपीपी), म्हणजे रस्ते वर्षानुवर्षं कसे टिकतात ते पाहणाऱ्या कार्यक्रमाचा डेटा घ्यायला परवानगी कोणाची लागते? कोणाचीच नाही. प्राचार्यांचं पत्र नको, शुल्क नाही, अमेरिकेचं नागरिकत्व तर नकोच. फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशनच्या 'इन्फोपेव्ह' संकेतस्थळावर ईमेल देऊन मोफत खातं उघडा, एवढंच.

१९८७ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात अमेरिका आणि कॅनडातले अडीच हजारांवर टेस्ट सेक्शन, म्हणजे निरीक्षणासाठी निवडलेले रस्त्याचे तुकडे, आले. एकेक सेक्शन साधारण १५२ मीटरचा. राज्य, डांबरी की काँक्रीट, असे निकष लावून सेक्शन निवडा, ट्रॅफिकची टेबलं घ्या, फाइल एक्सेलमध्ये उतरवा. इथवर काही अवघड नाही.

खरं काम इथून पुढे. ट्रॅफिकचे बहुतेक आकडे वेगवेगळ्या राज्यांच्या महामार्ग खात्यांकडून आलेत आणि सगळे सारख्या भरवशाचे नाहीत. काही निव्वळ अंदाज आहेत, काही रस्त्यातच बसवलेल्या 'वे-इन-मोशन' काट्याने चालत्या ट्रकचा एकेक एक्सल (चाकांचा आस) तोलून घेतलेले. त्या काट्याने १० टनांचा एक्सल ११ टनांचा दाखवला, तर चूक १० टक्क्यांची वाटते. पण रस्त्याचं नुकसान एक्सलच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं असं धरतात. १.१ चा चौथा घात १.४६. म्हणजे हिशेबात नुकसान ४६ टक्के जास्त! मग 'रस्ता अपेक्षेपेक्षा जास्त टिकला' असा निष्कर्ष तुम्ही प्रबंधात लिहाल आणि दोष असेल काट्याचा.

म्हणून वर्षातल्या किती दिवसांची नोंद आहे ते आधी बघा. मग वर्ग ९ चे, म्हणजे पाच एक्सलचे ट्रेलर-ट्रक घ्या आणि त्यांच्या सिंगल एक्सलच्या, म्हणजे मुख्यतः पुढच्या एक्सलच्या, वजनाचा आलेख महिन्यागणिक काढा. पुढच्या एक्सलचं वजन माल कमी-जास्त झाला तरी फारसं हलत नाही. आलेखाचं शिखर दर महिन्याला सरकत असेल, तर काट्याच्या कॅलिब्रेशनवर (वजन अचूक दाखवण्यासाठी केलेल्या जुळणीवर) शंका घ्या आणि ते महिने बाजूला ठेवा.

आपल्याकडच्या रस्त्याच्या डिझाइनसाठी मात्र हे आकडे उचलू नका. तिथे आयआरसी:३७ (डांबरी रस्त्यांच्या डिझाइनची इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका) प्रमाणे साधारणपणे त्याच रस्त्यावर एक्सल लोड सर्व्हे करून व्हीडीएफ (व्हेइकल डॅमेज फॅक्टर, म्हणजे एका वाहनामागे रस्त्याचं किती नुकसान धरायचं तो आकडा) काढावा लागतो. प्रबंधात डेटा रिलीजचा क्रमांक आणि डाउनलोडची तारीख जरूर लिहा. डेटा वेळोवेळी सुधारला जातो.