पोलंडातल्या इंग्लिश कॅम्पची पार्श्वभूमी, तंजावर आणि नेब्रास्कावरून

आमच्या ओळखीतली एक मुलगी, सोलापूरचीच, सध्या अमेरिकेत एमएस करतेय, ती यंदाच्या सुट्टीत पोलंडला चाललीय. फिरायला नाही, तिथल्या एका लूथरन चर्चच्या इंग्लिश कॅम्पला व्हॉलंटियर म्हणून, कॉलेजातल्या ग्रुपबरोबर. बातमी नातेवाईकांत फिरायला काय वेळ लागतो, सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत सगळ्यांचे फोन झाले. लूथरन म्हणजे नेमके कोण, मिशनरी का काय, आणि पोलंडच्या पोरांना इंग्रजी शिकवायला चर्च कशाला लागतंय, आणि मुळात आपली पोरगी शिकवणार म्हणजे काय, तिचं दहावीपर्यंत सेमी-इंग्लिश झालंय. एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो म्हणलं.

लूथरनचं पटकन सांगतो. मार्टिन लूथर हा जर्मनीतल्या विटेनबर्गचा मठवासी आणि प्रोफेसर, १५१७ साली पापाच्या माफीची पत्रं विकण्याविरुद्ध उभा राहिला आणि त्या भांडणातून जे चर्च रोमच्या कॅथलिक चर्चपासून वेगळं झालं ते लूथरन. आपल्या कामाचा भाग त्याच्या पुढचा आहे. १५२२ला त्यानं नवा करार जर्मन भाषेत आणला, १५२४ला शहरांच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून शाळा काढा म्हणून सांगितलं, आणि १५२९ला घरातल्या पोरांना शिकवायला प्रश्नोत्तरांचं एक छोटं पुस्तक काढलं. म्हणजे या लोकांचा धर्म पहिल्यापासून वाचता येण्यावर उभा, त्यामुळं चर्च तिथं शाळा हे ओघानंच आलं. आणि चौदा-पंधराव्या वर्षी ते पुस्तक शिकून मुलाचं कन्फर्मेशन होतं, म्हणजे आपला विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करायचा विधी, म्हणून त्या वयाच्या पोरांवर त्यांचं लक्ष जास्त. कन्फर्मेशन झालं की पोरं परत चर्चकडं फिरकत नाहीत ही युरोपातल्या पाळकांची जुनी तक्रार आहे, कॅम्प वगैरे प्रकार टीनएजर लोकांसाठीच का असतात त्याचं अर्धं उत्तर इथंच मिळतं.

आता भारत. ९ जुलै १७०६ला झीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाउ असे दोन तरुण जर्मन पाळक तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीला उतरले, पाठवणारा डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक, कारण ती वसाहत डॅनिश होती. भारतातलं प्रोटेस्टंट मिशन इथून सुरू होतं, आणि ते लूथरन होतं, सुरुवातीला इंग्रजांचा यात काही संबंध नव्हता. झीगेनबाल्ग तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा. तमिळ शिकायला त्यानं काय केलं तर गावठी शाळेतल्या पोरांशेजारी मांडी घालून बसला आणि त्यांच्यासारखीच वाळूत बोटानं अक्षरं गिरवली असं सांगतात. दहा वर्षांच्या आत तमिळ नवा करार छापून तयार. हे लक्षात ठेवा, कारण इथं शिकणारा मिशनरी आहे आणि शिकवणारी पोरं आहेत. पुढं हे कसं उलटं झालं तीच खरी सगळी गोष्ट आहे.

उलटं व्हायला सुरुवात झाली तंजावरात, आणि तिथं मध्ये आपला मराठी माणूस येतो, म्हणून जरा थांबतो. क्रिस्टियन फ्रेडरिक श्वार्त्झ हा त्याच मिशनचा माणूस, १७५०ला आला तो परत गेलाच नाही. तमिळ तर येतच होती, फारसी शिकला, आणि तंजावरचा दरबार भोसल्यांचा म्हणून मराठीही शिकला. तिथले राजे तुळजाराजे वारायच्या आधी त्यांनी १७८७ला सरफोजी नावाचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याच्याकडं लक्ष ठेवा म्हणून या श्वार्त्झला सांगितलं. पण गादी बळकावली तुळजाराजांच्या सावत्र भावानं, अमरसिंगानं, पोराचे हाल सुरू झाले, तेव्हा श्वार्त्झनं कंपनीकडं खटपट करून त्याला मद्रासला हलवलं आणि तिथं त्याचं शिक्षण सुरू झालं, इंग्रजीसकट. म्हणजे पंधराव्या-सोळाव्या वर्षी एक भोसले लूथरन पाळकांकडून इंग्रजी शिकतोय, साल १७९० नंतरचं. त्याच सुमारास श्वार्त्झनं तंजावर, रामनाड, शिवगंगा इथं इंग्रजी शाळाही काढल्या होत्या. तिथं येणारी पोरं वरच्या घरांतली, त्यांच्या बापांना कंपनी सरकारशी बोलायला भाषा पाहिजे होती, धर्माशी देणंघेणं नव्हतं. शिकवणाऱ्याला ते माहीत होतं, तरी त्यानं शिकवलं.

सरफोजी १७९८ला गादीवर बसला. धर्म बदलला नाही. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला, हे सगळं त्यानंच. आणि श्वार्त्झ गेल्यावर इंग्लंडच्या फ्लॅक्समन नावाच्या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करून घेतलं, त्यात मरणाच्या बिछान्यावरचा म्हातारा पाळक आणि त्याला भेटायला आलेला राजा आहे. तंजावरला गेलात तर मोठं देऊळ बघून लगेच बसमध्ये चढू नका, हे पण बघा. मला स्वतःला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात आवडणारं पान हे आहे, कारण एवढा जीव लावला, पण श्वार्त्झला ना सरफोजीला बाटवता आलं ना त्याचा राग आला.

आता सोलापुरात लोक म्हणतात आपल्याकडं पण मिशन होतं की. होतं, पण ते लूथरन नव्हे. आपल्याकडं अमेरिकन मराठी मिशन, पंथानं काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक चर्चनं आपला कारभार आपणच बघायचा असं मानणारे. १८१३ला मुंबई, १८३१ला नगर, आणि १८६०च्या दशकात सोलापूर. शाळा, किंडरगार्टन, पुढं सेटलमेंटमधलं, म्हणजे इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीतलं काम, जुन्या लोकांना आठवत असेल. त्यांच्यातली बरीच मंडळी पुढं १९७०ला सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेली. पण गंमत अशी की हे मिशन एका काळात इंग्रजी शिकवण्याच्या चक्क विरोधात होतं. त्यांचे बोस्टनचे सेक्रेटरी रूफस अँडरसन १८५४-५५ला इकडं दौऱ्यावर आले आणि त्यांचं ठाम मत की लोकांना त्यांच्या भाषेत शिकवा, इंग्रजी शिकवली की पोरगा सरकारी नोकरी धरतो आणि चर्चला रामराम. त्यामुळं मिशनच्या इंग्रजी शाळांवर गदा आली. दुसरीकडं स्कॉटिश लोकांचं गणित बरोबर उलटं, अलेक्झांडर डफनं १८३०ला कलकत्त्यात इंग्रजी शाळाच काढली, मुंबईत विल्सननं तसंच केलं. म्हणजे इंग्रजी देऊन माणसं जवळ आणायची का, यावर मिशनऱ्यांत आपसातच जुंपलेली होती, आजचा वाद काही नवा नाही. आणि अँडरसनचा अंदाज अगदीच चुकीचा होता असं कोण म्हणेल, नवी पेठेत स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जाणारी पोरं तरी आणखी कशासाठी जातात.

अमेरिकेतले लूथरन मात्र त्या काळात इंग्रजी शिकवायच्या नव्हे, इंग्रजी टाळायच्या मागं होते. हे बहुतेकांना माहीत नसतं. १८३८-३९ला सॅक्सनीतून जर्मन लूथरन लोकांचा एक मोठा जथा मिसुरीला गेला, १८४७ला त्यांचा सिनड म्हणजे चर्चेसचा संघ झाला, तोच आजचा मिसुरी सिनड. (याच लोकांनी १८९५ला तमिळनाडूत कृष्णगिरीला मिशन काढलं.) त्यांची प्रार्थना जर्मनमध्ये, शाळा जर्मनमध्ये, घरी जर्मन, अमेरिकेत राहून दोन-दोन पिढ्या असंच. आपल्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरात कसं आजही तेलुगूच चालतं, तसं धरा.

मग पहिलं महायुद्ध आलं आणि जर्मन बोलणं म्हणजे गद्दारी झाली. नेब्रास्का राज्यानं १९१९ला कायदाच केला की आठवी पास होईपर्यंत शाळेत दुसरी भाषा शिकवायची नाही. २५ मे १९२०ला हॅम्प्टन गावच्या लूथरन शाळेत रॉबर्ट मायर नावाचा मास्तर दहा वर्षांच्या एका पोराकडून जर्मनमधून बायबलची गोष्ट वाचून घेत होता. एवढाच गुन्हा. २५ डॉलर दंड. मास्तर पण हट्टी, केस पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९२३ला सात विरुद्ध दोन मतांनी मास्तरच्या बाजूनं निकाल लागला. मुलानं काय शिकावं यात आईबापाचा आणि शिक्षकाचा हक्क असतो, हे अमेरिकेतल्या कायद्यात या केसवरून आजही सांगितलं जातं. केस जिंकली खरी, पण भाषा तोपर्यंत हरली होती. पुढच्या वीस-तीस वर्षांत ही सगळी चर्चेस इंग्रजीत आली. तर आज जी मंडळी युरोपात इंग्रजी शिकवायला जातात त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या पणजोबांनी इंग्रजी अशी मानगुटीवर बसवून घेतलेली आहे.

कॅम्प हा प्रकार मात्र पक्का अमेरिकन. १८६१ला कनेटिकटमध्ये गन नावाच्या हेडमास्तरनं शाळेची पोरं घेऊन तंबू ठोकले, तिथून सुट्टीतल्या कॅम्पची सुरुवात धरतात, पुढं वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना आणि चर्चेसनी तो उचलला. आपल्या चर्चमध्ये मे महिन्यात व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा भरते त्याचं मूळ पण तिकडचंच. भाषा आणि कॅम्प यांचं लग्न लावलं १९६१ला, मिनेसोटातल्या कॉन्कॉर्डिया कॉलेजनं, हे पण लूथरन. फक्त तिथं अमेरिकन पोरांना जर्मन शिकवायची होती.

मग १९८९ आलं. पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, सगळीकडं कम्युनिस्ट सरकारं गेली. तोवर शाळेत रशियन सक्तीची, वर्षानुवर्षं शिकून कुणी बोलायचं नाही, मुद्दाम. एका रात्रीत सगळ्यांना इंग्रजी पाहिजे झाली आणि शिक्षक तर सगळे रशियनचे. १९९०ला अमेरिकन सरकारची पीस कोअर ही स्वयंसेवकांची संघटना पण पोलंड-हंगेरीत पोचली, इंग्रजीचे शिक्षक घेऊन. चर्चेसनाही कळलं की आपल्याकडं फुकटात असलेली एक गोष्ट समोरच्याला हवीय. तिथली लूथरन चर्चेस छोटी छोटी आहेत, पोलंडात कॅथलिकांच्या समुद्रात लाखभर पण भरत नाहीत, त्यातली बरीचशी टेशीन भागात, चेक सीमेवर. तिथं १७०९ला ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग सम्राटानं नाईलाजानं परवानगी दिलेलं येशू चर्च अजून उभं आहे, आणि १९२०ला गावाच्या मधून सीमा गेल्यामुळं ओल्झा नदीच्या अलीकडं पोलंड आणि पलीकडं चेक, गाव एकच. अशा चर्चला स्वतःच्या जिवावर गावातली पन्नास पोरं गोळा करता येत नाहीत, पण अमेरिकन लोक इंग्रजी शिकवणार म्हणलं की कॅथलिकांची पण येतात आणि देवच न मानणाऱ्यांची पण येतात.

दिवस साधारण असा. सकाळी लेव्हलप्रमाणं गट, एका व्हॉलंटियरकडं सहा-आठ पोरं, ग्रामर फारसं नाही, चित्र दाखव, खेळ घे, बोलायला लाव. पहिल्या दिवशी कुणी तोंड उघडत नाही, सगळी चपलांकडं बघत बसतात. दुपारी फुटबॉल, क्राफ्ट, टेकडीवर भटकंती. संध्याकाळी गिटार, गाणी, बायबलमधली एखादी गोष्ट आणि त्यावर चर्चा, शेवटच्या रात्री शेकोटी. जेवणाला सूप, बटाटे, ब्रेड. व्हॉलंटियरला पगार नाही, उलट विमानाचे पैसे त्यानंच उभे करायचे, नातेवाईकांना आणि चर्चमधल्या लोकांना पत्रं लिहून. शिकवायचं प्रशिक्षण म्हणजे एखादा वीकेंड.

आता आमिषाचा प्रश्न. गळाला इंग्रजी लावून मासे धरायचे का, असं एका काकांनी सरळ विचारलं. माझं मत असं की संध्याकाळी बायबल आहे हे जिथं फॉर्मवर आणि आईबापाला आधी सांगितलेलं असतं तिथं फसवणूक नाही, आणि जिथं नुसतं इंग्लिश कॅम्प लिहून पोरं बोलावतात तिथं ती आहे, मग गाणी कितीही गोड असूदेत. आणि पोरांना एवढं भोळं समजायचं कारण नाही, सरफोजीला जे कळत होतं ते टेशीनच्या पंधरा वर्षांच्या पोरीला पण कळतं. मला खटकतं ते वेगळंच. झीगेनबाल्ग वाळूत बसून तमिळ शिकला. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस, सोलापूरचे, १९३८ला चीनला गेले ते तिथली भाषा शिकून तिथलेच झाले, १९४२ला तिथंच वारले. परदेशात सेवा म्हणलं की भैया चौकातलं त्यांचं घर आम्हाला आठवणारच. आणि इथं दोन आठवड्यांसाठी येणारा व्हॉलंटियर जेमतेम दोन शब्द पोलिश बोलतो, धन्यवाद आणि शुभ सकाळ, कारण त्याची भाषा हाच त्याचा माल आहे. शिकायची गरज फक्त एका बाजूला उरली की पाहुणा फारसा बदलत नाही, फोटो काढून परत जातो.

अर्थात हेही आता बदलतंय. तिकडची पोरं आज यूट्यूब आणि गेम्समधून इंग्रजी घेऊनच मोठी होतात, २०२२ नंतर पोलंडात युक्रेनची पोरं आलीत त्यांना इंग्रजीपेक्षा पोलिशची निकड जास्त. नुसते अमेरिकन उच्चार ऐकायला म्हणून आता कॅम्पला फारसं कुणी येत नाही, त्यामुळं टीममध्ये इतर देशांची पोरं पण घेतात. आपल्या पोरीचं सेमी-इंग्लिश म्हणून ज्यांना काळजी वाटते त्यांना एवढंच सांगेन की ती घरी मराठी, वाड्यात तेलुगू, दुकानात कन्नड आणि रिक्षात दखनी हिंदी बोलत वाढलीय. चुकलं तरी हातवारे करून काम भागवायचं, समोरच्याचं तोंड बघून शब्द बदलायचा, ही सवय आयोवाच्या पोराला नसते, तिला आहे. तिनं आत्तापासून पोलिशचं ॲप डाउनलोड केलंय. जायच्या आधी घरच्यांनी विचारून घ्यायचं ते इतकंच : इन्शुरन्स कोण काढतंय, युरोपच्या शेंगेन व्हिसासाठीचं चर्चचं निमंत्रणपत्र कुठल्या कामाचं म्हणून आहे, आणि संध्याकाळच्या कार्यक्रमात तिला बायबल वाचायला लावणार आहेत का. शेवटच्याचं उत्तर तिनं विचारून आणलंय, इच्छा असेल तर, नाहीतर त्या वेळात भांडी आणि शेकोटीची लाकडं.