वाघ भरकटत नसतो

विदर्भ-मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून बातमी येते: अमुक तालुक्याच्या शिवारात भरकटलेला वाघ दिसला. त्यातला 'भरकटलेला' हा शब्द मला फार खटकतो. वाट चुकलेलं जनावर, त्याला धरून परत जंगलात सोडलं की काम झालं, असा अर्थ त्यातून निघतो. तो वाघ मात्र वाट चुकलेला नसतो. त्याच्या जातीने हजारो वर्षं जे केलं, तेच तो करत असतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात फेब्रुवारी 2019 मध्ये एका तरुण नर वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली गेली. वनखात्याच्या नोंदीत तो टी-1 सी-1, म्हणजे टी-1 या वाघिणीचा बछडा. जूनमध्ये त्याने टिपेश्वर सोडलं. कधी नाल्यांच्या कडेने, कधी कपाशीच्या उभ्या पिकांतून, बहुतेक वेळा रात्री, तो महाराष्ट्र आणि तेलंगणातल्या जिल्ह्यांमधून चालत राहिला. डिसेंबरमध्ये तो बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एप्रिल 2020 मध्ये कॉलर काढली, तोवर त्याची चाल सुमारे 3,000 किलोमीटर भरली होती. एवढ्या प्रवासात त्याच्याकडून एक माणूस जखमी झाला, तोही वाघ ज्या झुडपांत पडून होता तिथे लोक शिरले तेव्हा. बाकी शेकडो गावांच्या शिवेवरून तो गेला आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही.

टिपेश्वरचं क्षेत्रफळ जेमतेम 148 चौरस किलोमीटर. बछडे दीड-दोन वर्षांचे झाले की आईपासून सुटतात. माद्या बहुधा आईच्या हद्दीला लागूनच आपली हद्द मांडतात, नर मात्र दूर जातात. याचा एक मोठा फायदा असा, की भाऊ-बहीण, बाप-लेक यांची जोडी जमण्याचा संभव कमी होतो. ज्याच्या घरी गाई-म्हशी आहेत त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एकच वळू त्याच्याच कालवडींवर वापरत राहिलं तर पुढची वासरं कशी निपजतात, हे त्याने पाहिलेलं असतं, म्हणून वळू दुसऱ्या गावाहून आणतात. जंगलात हे काम चालणारा नर करतो.

टी-1 सी-1 ज्ञानगंगेत पोहोचला खरा, पण तिथे वाघीण नव्हती. मार्च 2021 मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक नर तेव्हाच्या औरंगाबाद (आताच्या छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातल्या गौताळा अभयारण्यात आला, तिथेही तेच. 2024 च्या अखेरीस धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाटात टिपेश्वरचा आणखी एक वाघ दिसला. या वाघांचं मोठं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण आनुवंशिकीच्या हिशेबात वाघ पोहोचणं आणि जनुकं पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या जागी पिल्लं झाली, तरच त्या पायपिटीतून जनुकं एका जंगलातून दुसऱ्या जंगलात गेली असं म्हणता येतं.

ती गेली नाहीत तर काय होतं, ते बघायला ओडिशात जावं लागेल. मयूरभंज जिल्ह्यातल्या सिमलीपालच्या जंगलात काळे वाघ आहेत. पूर्ण काळे नव्हेत. त्यांचे पट्टे इतके रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात, की मधला पिवळा रंग फटीतून डोकावल्यासारखा दिसतो. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये याचं कारण शोधून काढलं. टॅकपेप नावाच्या जनुकात डीएनएचं एकच अक्षर बदललं आहे. मांजरांमध्ये याच जनुकातल्या बदलामुळे सरळ पट्ट्यांऐवजी मोठे वेटोळे उमटतात, आणि चित्त्यांमध्ये ठिपक्यांचे पट्टे होतात. वाघातला हा बदल अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून बदललेली प्रत आली तरच वाघ काळा दिसतो.

नवल त्या रंगाचं नाही, आकड्याचं आहे. सिमलीपालमधल्या तपासलेल्या 12 वाघांपैकी 10 वाघांकडे निदान एक बदललेली प्रत निघाली. प्रत्येक वाघाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात; त्या सगळ्या मोजल्या तर दर 100 प्रतींमागे सुमारे 58 बदललेल्या होत्या. देशातल्या इतर जंगलांतल्या वाघांत मात्र ती सापडली नाही. प्राणिसंग्रहालयातले जे थोडे वाघ ती बाळगून होते, त्यांचं मूळही सिमलीपालच्याच वाघांपर्यंत जात होतं.

एखादी दुर्मीळ गोष्ट एका जागी इतकी बोकाळते कशी? पोतंभर पांढऱ्या पावट्यांत दोन-चार काळे दाणे आहेत असं समजा. त्यातून मूठभर दाणे पेरले आणि योगायोगाने मुठीत दोन काळे आले, तर पुढच्या सगळ्या पिकात काळ्यांचं प्रमाण वाढतं. सिमलीपालची वाघसंख्या अशाच मूठभर वाघांपासून उभी राहिली, आणि बाहेरून नवं बी आलंच नाही. काळा रंग निदान डोळ्यांना दिसतो. त्याच्याबरोबर डीएनएमध्ये आणखी काय काय साचत असेल, ते दिसत नाही, आणि मला भीती त्याचीच वाटते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या प्यूमा या मोठ्या रानटी मार्जारांची संख्या 20-30 वर आली तेव्हा त्यांच्या शेपट्या वाकड्या झाल्या होत्या आणि कित्येक नरांचे वृषण खाली उतरत नव्हते. 1995 मध्ये टेक्सासहून 8 माद्या आणून सोडल्यावर ती संख्या सावरली.

हे सगळं कळतं ते मुख्यतः विष्ठेतून. विष्ठा बाहेर पडताना आतड्याच्या अस्तराच्या पेशी तिला चिकटून येतात. जंगलवाटेवर पडलेली विष्ठा कडक उन्हाने किंवा पावसाने खराब होण्याआधी तिचा नमुना घ्यायचा, तो कोरडा किंवा अल्कोहोलमध्ये टिकवायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. आधी ती वाघाची की बिबट्याची हे ठरतं, मग नर की मादी, मग नेमका कोणता वाघ. वाघाला न पकडता, न बेशुद्ध करता त्याची वंशावळ हाती येते. रोज पहाटे बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, पायी फिरणाऱ्या वनरक्षकांच्या नजरेवाचून यातलं काहीच झालं नसतं, आणि शोधनिबंधाच्या बातमीत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो.

अशाच नमुन्यांवरून मध्य भारतातल्या वाघ, बिबट्या, अस्वल आणि रानमांजर या चौघांची तुलना 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. रस्ते, वस्ती, शेती यांनी सर्वांत जास्त अडवलं ते वाघाला, आणि सर्वांत कमी रानमांजराला. रणथंभोरसारख्या तुटलेल्या जंगलातल्या वाघांत जवळच्या नात्यातल्या प्रजननाच्या खुणा ठळक दिसतात, तर मध्य भारतातल्या जोडलेल्या जंगलांतल्या वाघांत त्या मानाने कमी. ताडोबा, पेंच, कान्हा यांना जोडणाऱ्या झाडीच्या पट्ट्यांची ही कमाई आहे. 2022 च्या गणनेत महाराष्ट्रात 444 वाघ निघाले, 2014 मध्ये ते 190 होते. आकडा वाढल्याचा आनंद मलाही आहे. पण ते एकमेकांपर्यंत पोहोचू शकतात का, हे त्या आकड्यातून कळत नाही.

म्हणून 2024 च्या अखेरीस सिमलीपालसाठी नवं रक्त ताडोबाहून गेलं. जमुना आणि झीनत या दोन तरुण वाघिणी तिकडे सोडल्या गेल्या. झीनत थोड्याच दिवसांत सिमलीपालमधून बाहेर पडली, झारखंडात गेली, तिथून पश्चिम बंगालमध्ये. 29 डिसेंबरला बांकुरा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडलं आणि परत सिमलीपालला नेलं. त्याही वेळी बातम्यांत ती 'भरकटली' होती.

वाघाला गाडीत घालून नेणं खर्चाचं, जोखमीचं काम आहे. जिथे दुसरा उपाय उरला नाही तिथे ते करावंच लागतं. जिथे वाट अजून शिल्लक आहे, तिथे ती राखणं कितीतरी स्वस्त पडतं. नागपूर-सिवनी महामार्ग पेंचच्या जंगलातून चौपदरी करताना महाराष्ट्राच्या बाजूला 9 ठिकाणी रस्ता उचलून खालून वाट ठेवली. सर्वांत लांब वाट 750 मीटरची आहे. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्रे, बिबटे खालून जाताना टिपले गेले. ही सोय मिळाली ती मोठ्या न्यायालयीन लढाईनंतर. पुढच्या प्रत्येक रस्त्याच्या आणि कालव्याच्या आराखड्यात ती पहिल्या दिवसापासून असायला हवी.

सिमलीपालचा निकाल लागायला वेळ लागेल. ताडोबाच्या वाघिणीला काळ्या नरापासून पिल्लं झाली, तर ती सगळी नेहमीसारखी पिवळी, पट्टेरी असतील, कारण प्रत्येकाकडे बदललेली प्रत एकच असेल, बापाकडून आलेली. नुसतं बघून त्यांच्यात काही वेगळं आहे हे कुणालाच ओळखता येणार नाही. ते ओळखायला एखाद्या सकाळी सिमलीपालच्या वाटेवर कुणी वनरक्षक वाकून त्यांच्या विष्ठेचा तुकडा उचलेल आणि डबीवर तारीख लिहील.