घरगुती गॅस रेग्युलेटर : दाब आणि फ्लोचं नातं

14.2 किलोच्या लाल सिलेंडरवर जो रेग्युलेटर बसतो त्याचं काम दाब सांभाळायचं, गॅस किती जायचा ते तो ठरवतच नाही, ते ठरवते शेगडी. गोंधळ इथेच होतो. ज्योत बारीक झाली की आधी रेग्युलेटर बदलतात आणि जेटमधला, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकातला कचरा तसाच राहतो.

सिलेंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेन द्रवरूपात असतात, वरच्या वाफेचा दाब उन्हाळ्यात जास्त, थंडीत कमी, पण चौरस सेंटीमीटरला काही किलो तरी असतोच. रेग्युलेटर तो साधारण 30 ग्रॅमवर आणतो. पाणी भरलेल्या यू आकाराच्या नळीचं एक टोक गॅसला जोडून मोजलं तर दोन बाजूंच्या पाण्यात 30 सेंटीमीटरचा, शाळेतल्या फूटपट्टीएवढा फरक दिसतो, बस एवढाच दाब.

आत एक रबरी डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा असतो, वरून स्प्रिंग दाबते, खालून गॅस ढकलतो. धरा डायफ्राम 6 सेंटीमीटर व्यासाचा आहे, म्हणजे क्षेत्रफळ 28 चौरस सेंटीमीटर, गुणिले 30, तर स्प्रिंगचा जोर जेमतेम 850 ग्रॅम. बर्नर पेटवला की खालचा दाब किंचित पडतो, डायफ्राम खाली येतो आणि लिव्हरने व्हॉल्व्ह उघडतो. म्हणजे दाब थोडा पडल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडणारच नाही, आणि जितका जास्त उघडायचा तितकी स्प्रिंग सैल पडते, त्यामुळे फ्लो वाढला की दाब जरा खालीच स्थिरावतो. याला ड्रूप म्हणतात. हा बिघाड नाही, यंत्र चालतंच त्यावर.

सगळे बर्नर बंद केले की दाब ठरलेल्यापेक्षा थोडा वर जाऊन व्हॉल्व्ह घट्ट बसतो, ते लॉक-अप. व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटवर कचरा असेल तर बंद असतानाही दाब हळूहळू चढत राहतो, हे मात्र धोक्याचं. उलट टोकाला, मागणी क्षमतेबाहेर गेली की व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असतो, त्यापुढे दाब धाडकन पडतो कारण आता सांभाळायला काही उरलेलंच नाही, नुसतं भोक आहे.

जेटमधून जाणारा गॅस दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणून 30 चा दाब 27 झाला, म्हणजे 10 टक्के पडला, तरी गॅस 5 टक्केच कमी होतो, भात शिजताना कळतही नाही. पाइप गॅस घरात 21 मिलीबारने, म्हणजे नळीत साधारण 21 सेंटीमीटर पाण्याच्या दाबाने येतो आणि तो मिथेन असतो, त्यामुळे जोडणी बदलताना जेटही बदलावे लागतात.

लग्नाच्या मोठ्या भट्टीवर वेगळंच होतं. गॅस इतका वेगाने ओढला जातो की द्रवाची वाफ होताना सिलेंडर गार पडतो, बाहेरून दव धरतं, आतलाच दाब उतरतो, मग रेग्युलेटर कितीही चांगला असो तो दाब वाढवू शकत नाही. अशा वेळी दोन-तीन सिलेंडर एकत्र जोडतात, प्रत्येकावर भार कमी येतो.

रेग्युलेटरच्या वरच्या भागात एक बारीक भोक असतं, डायफ्राम हलताना हवा तिथून आत-बाहेर होते. ते पेंटने किंवा तेलकट मळाने बुजलं की डायफ्राम अडखळतो आणि ज्योत फडफडायला लागते.