तातडीची संदर्भ चिठ्ठी (कर्करोगाची शंका)

तातडीची संदर्भ चिठ्ठी : एखाद्या लक्षणामागे कर्करोग असू शकेल अशी शंका आल्यास फॅमिली डॉक्टर, दंतवैद्य किंवा सरकारी दवाखान्यातील वैद्यकीय अधिकारी रुग्णाला लवकरात लवकर तज्ज्ञाकडे पाठवण्यासाठी जी चिठ्ठी देतात ती. बोलण्यात तिला नुसते 'चिठ्ठी' किंवा 'रेफरन्स' म्हणतात.

चिठ्ठीवर बहुधा 'सीए' ही कार्सिनोमाची, म्हणजे कर्करोगाची, दोन अक्षरे असतात आणि त्यांच्याआधी प्रश्नचिन्ह. कधी 'आर/ओ' लिहिलेले असते, म्हणजे रूल आउट, शंका फेडून घ्या. घरी चिठ्ठी उलगडली की प्रश्नचिन्ह कुणालाच दिसत नाही, अक्षरे मात्र सगळ्यांना दिसतात. रुग्णाला कळू द्यायचे नाही म्हणून ती कपाटात जाते आणि पुढचे ठरवण्यात आठवडा निघून जातो.

शंका किती असली की चिठ्ठी द्यायची, याचे स्पष्ट उत्तर इंग्लंडमध्ये सापडते. तेथील २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत लक्षणामागे कर्करोग असण्याची शक्यता सुमारे ३ टक्के असली तरी तातडीने पाठवावे, असा निकष धरला आहे. साहजिकच तिथे अशा चिठ्ठीवर गेलेल्या दहांतील नऊंहून अधिक जणांना कर्करोग निघत नाही. पूर्वी दोन आठवड्यांत तज्ज्ञाची भेट हा नियम होता. ऑक्टोबर २०२३ पासून त्याऐवजी २८ दिवसांत 'आहे' किंवा 'नाही' हे रुग्णाला सांगण्याचे उद्दिष्ट आहे.

पुण्यात असे घड्याळ कुणी लावून दिलेले नाही. खासगी तज्ज्ञाची वेळ पैसे भरले की एकदोन दिवसांतही मिळते. उशीर होतो तो चिठ्ठी आणि केसपेपर यांच्या मधल्या काळात. 'गणपती होऊ देत', 'लग्नाची तारीख तोंडावर आलीय', 'आधी गावाकडचं औषध करून बघू'. दिवस मोजण्याचे काम इथे घरातल्याच कुणीतरी अंगावर घ्यावे लागते.

चिठ्ठी मिळण्याजोगी लक्षणे दिसायला साधी असतात. तोंडात तीन आठवड्यांनंतरही न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गुटख्याने आखडलेला जबडा. मिश्री लावणाऱ्या आजींच्या हिरडीजवळचा चट्टा तर 'कवळी लागते' म्हणून महिनोन्‌महिने राहून जातो. स्तनातली गाठ बहुधा दुखत नाही, त्यामुळे ती दाखवायची राहते. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणे, न दुखता लघवीतून रक्त येणे, बसलेला आवाज, घास अडकणे, मानेतली गाठ हीदेखील कारणे आहेत. शौचातल्या रक्ताला मूळव्याध म्हणून मोकळे होण्याची सवय फार जुनी आहे. लांबलेल्या खोकल्यात आधी क्षयाची तपासणी होते आणि ते योग्यच. मात्र क्षय नाही असे कळल्यावर तिथेच थांबू नये. रक्ताची मोठी उलटी, श्वास कोंडणे किंवा पाय अचानक लुळे पडणे असे झाल्यास चिठ्ठीची वाट न पाहता थेट अपघात विभागात जावे.

पुण्यात सरकारी वाट म्हणजे स्टेशनजवळचे ससून सर्वोपचार रुग्णालय, औंधचे जिल्हा रुग्णालय आणि पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. तेथून किंवा थेट परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाणारेही पुष्कळ असतात. तसे ठरले तरी पहिल्या तपासण्या पुण्यात थांबवू नयेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे, परंतु तिचा भर दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर असल्याने सुरुवातीच्या तपासण्यांचा खर्च पुष्कळदा खिशातून होतो. योजनेतील रुग्णालयांत रुग्णांना मदत करणारा 'आरोग्यमित्र' बसतो; रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला पहिल्याच दिवशी भेटावे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. त्या मागाव्या लागतात, आपणहून सहसा कुणी सांगत नाही.

तज्ज्ञ आधी हाताने तपासतो, मग सोनोग्राफी, मॅमोग्राफी, दुर्बिणीची तपासणी किंवा सीटी स्कॅन. शंका फेडण्याचे काम शेवटी बहुधा बायोप्सीच (सुईने किंवा छेद घेऊन काढलेल्या तुकड्याची तपासणी) करते. 'सुई टोचली की पसरतो' ही समजूत पुण्यासारख्या शहरातही टिकून आहे, आणि तिच्यापायी फुकट गेलेले महिने सुईपेक्षा कितीतरी महाग पडतात. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असल्यास मात्र आधी सांगावे. अहवालाला काही दिवस लागतात. तुकड्यावर विशेष रंगतपासणी करायची ठरली तर आणखी. उशीर म्हणजे वाईट बातमी असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

अहवालासोबत तुकड्याच्या काचेच्या स्लाइड आणि तो ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक प्रयोगशाळेकडून मागून घेता येतात. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायचे असल्यास याच गोष्टी दाखवाव्या लागतात, आणि त्या असल्या की पुन्हा तुकडा काढण्याची गरज पुष्कळदा पडत नाही. अहवाल निर्दोष आला, पण गाठ किंवा जखम तशीच राहिली, तर तीच चिठ्ठी घेऊन पुन्हा दाखवायला जावे.