मासळीच्या साखळीतील जिवाणूंचा टिकाव (कोकण किनारा)

खाण्यातून आजार घडवणारे जिवाणू मासळी जाळ्यात आल्यापासून ताटात पडेपर्यंत मीठ, ऊन, बर्फ आणि आंबटपणा सोसून कसे तग धरतात, याचा अभ्यास. सूक्ष्मजीवशास्त्र आणि मत्स्यप्रक्रिया यांच्या सीमेवरचा हा विषय पीएच.डी.नंतरच्या, म्हणजे पोस्ट-डॉक्टरल संशोधनाला विशेष मानवतो. शाळेत ‘अन्नसाखळी’ म्हणजे गवत, टोळ, बेडूक असे शिकवतात. इथे मात्र होडी, बंदर, लिलाव, टेम्पो, बाजार आणि चूल हा क्रम अभिप्रेत आहे.

या किनाऱ्यावरचा मुख्य जिवाणू म्हणजे व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस. तो बाहेरून येत नाही, खाडीच्या आणि समुद्राच्या पाण्यातच राहतो. थंड प्रदेशांत हिवाळा आला की तो तळाच्या गाळात दडतो. कोकणात पाणी बाराही महिने कोमट असल्याने त्याला तशी गरज फारशी पडत नाही. त्याला मीठ लागतेच. साधारण ३ टक्के मिठात तो सर्वांत जोमाने वाढतो आणि ८ टक्क्यांपर्यंतही वाढू शकतो. परिस्थिती अनुकूल असेल तर दहाएक मिनिटांत एकाचे दोन होतात, म्हणून उन्हात तासभर पडून राहिलेली पाटी आणि लगेच बर्फात गेलेली पाटी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. गोडे पाणी आणि चुलीची आच त्याला सोसत नाही. मासळी स्वच्छ गोड्या पाण्याने धुणे म्हणूनच उपयोगाचे ठरते. तिसऱ्या, कालवे यांची गोष्ट वेगळी. हे जीव पाणी गाळून खातात, तेव्हा पाण्यातले जिवाणू त्यांच्या पोटात साठतात आणि वरून धुऊन निघत नाहीत. त्यातले सगळे घातक नसतात. समुद्रात सापडणाऱ्या बहुतेक वाणांत आजार घडवणारे टीडीएच हे विषाचे जनुक नसते. नुसती संख्या मोजून धोका कळत नाही तो यामुळे.

या जिवाणूचा शोध लागला तोच अर्धवट सुकवलेल्या मासळीतून. १९५० मध्ये जपानमधील ओसाका येथे शिरासू, म्हणजे तरलीच्या जातीची सुकवलेली पिल्ले खाऊन २७२ माणसे आजारी पडली आणि त्यांपैकी २० दगावली. त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी त्या प्रकरणातून हा जिवाणू वेगळा केला. पावसाळ्याची बेगमी म्हणून बोंबील, जवळा सुकवणाऱ्या किनाऱ्याने ही घटना विसरू नये. ओल्या बोंबलात जवळजवळ नऊ दशांश पाणीच असते. ते पुरते उडाले तर जिवाणूंची वाढ थांबते, पण वाढ थांबणे आणि मरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाळूवर पसरलेल्या जवळ्यात कुत्र्या-पक्ष्यांकडून साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जिवाणू आला, तर तो सुक्या अवस्थेत महिनोन्‌महिने टिकतो. पेशीतले पाणी निसटू नये म्हणून जिवाणू प्रोलीन, बीटेन, ट्रेहॅलोज असे पदार्थ आत साठवतात, आणि एका संकटासाठी केलेली ही तयारी पुढच्या संकटातही कामी येते: मिठाने कणखर झालेली पेशी काही वेळा उष्णताही जास्त सोसते. पावसाळ्यात सुकी मासळी सर्दावली की थांबलेली वाढ पुन्हा सुरू होऊ शकते. अधूनमधून ऊन दाखवण्याची आणि खाण्याआधी निखाऱ्यावर भाजण्याची घरोघरची रीत या दृष्टीने फार मोलाची आहे.

माणसाच्या हातांवरून येणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस खारट, कोरड्या पदार्थात इतरांपेक्षा पुढे जातो. त्याचे विष उकळूनही नष्ट होत नाही. बांगडा, सुरमई, कुपा ऊबेत राहिले तर मॉर्गनेलासारखे जिवाणू हिस्टामीन हे अंगावर पित्त उठवणारे रसायन तयार करतात. नंतर जिवाणू मेले तरी हिस्टामीन उरते. अंगावर पित्त उठले की दोष खाणाऱ्याच्या प्रकृतीला दिला जातो. पुष्कळदा तो बर्फाला झालेल्या उशिराचा असतो.

या संशोधनातला सर्वांत अवघड भाग १९८२ मध्ये अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांच्या गटाने पुढे आणला. थंडी आणि उपासमारीत काही जिवाणू अशा अवस्थेत जातात की पेशी जिवंत असते, पण प्रयोगशाळेतल्या बशीत तिची वसाहत, म्हणजे डोळ्यांना दिसणारा ठिपका, उगवत नाही. नेहमीची तपासणी ‘जिवाणू नाही’ असे सांगते आणि ऊब मिळाल्यावर तो परत वाढू लागतो. म्हणून आता वसाहती मोजण्याच्या जोडीला जनुकांची तपासणी करावी लागते.

कोकणात या कामाला आधार देणाऱ्या संस्थांत रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय (१९८१), रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र (१९५८) आणि मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था (१९६१) येतात. निर्यातीचा रेटाही आहेच: १९९७ मध्ये युरोपीय संघाने भारतीय मासळीवर बंदी घातली, तेव्हापासून प्रक्रिया कारखाने खूप बदलले. किनाऱ्यावरच्या लिलावापर्यंत तो बदल तितका उतरलेला नाही, आणि स्थानिक माणूस खातो ती मासळी तिथूनच घरी जाते. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल शिष्यवृत्ती दोन वर्षांची असते, म्हणजे संशोधकाच्या हाती दोनच पावसाळे लागतात. त्यातही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि नेमक्या याच दिवसांत घरोघर सुकी मासळी शिजते. ओल्या आणि सुक्या मासळीचे नमुने एका वेळापत्रकात बसवणे त्यामुळे कठीण जाते.

नमुना आणणे हेही कौशल्याचे काम आहे. हर्णैच्या किनाऱ्यावर बैलगाड्यांतून होड्यांकडे बर्फ जातो, मासळी परत येते, आणि ओल्या वाळूवर लिलाव होतो. व्यापाऱ्याने मासळी तत्काळ बर्फात पुरावी हेच योग्य. व्हिब्रिओ शोधणाऱ्या संशोधकाने मात्र आपला नमुना थेट बर्फाला टेकू द्यायचा नसतो; तो ७ ते १० अंश सेल्सिअसला ठेवून शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोचवायचा असतो. नाहीतर जे शोधायला तो आला तेच वाटेत निपचित पडते आणि बशी कोरी राहते.